आठव्या महिन्याचे मूल: अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा इतिहास, पॅरिसपासून गडचिरोलीपर्यंत

१/
‘सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही.’ आपल्याकडच्या अनेक घरांत वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी हे वाक्य अजूनही ऐकू येते. वैद्यकाच्या दृष्टीने ते साफ चूक आहे. आईच्या पोटात जितके अधिक दिवस जातील, तितकी बाळाच्या जगण्याची शक्यता वाढते. मग हे वाक्य आले कोठून, ते दोन हजार वर्षे टिकले कसे, आणि ते खोटे ठरवण्यासाठी माणसाला काय काय करावे लागले? आजचा धागा याच प्रश्नांचा आहे. त्यातला एक फार मोठा अध्याय नागपूरपासून जेमतेम १७० किलोमीटरवर लिहिला गेला.

२/
प्रथम व्याख्या. पूर्ण दिवसांची गर्भावस्था सुमारे ४० आठवड्यांची धरतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती म्हणजे मुदतपूर्व प्रसूती. त्यातही ३२ आठवड्यांच्या आतली बाळे अधिक नाजूक आणि २८ आठवड्यांच्या आतली सर्वांत नाजूक. २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली, म्हणजे साधारण दहांत एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे जगातले पहिले कारण आज हेच आहे. विषय जुना असला, तरी तो मागे पडलेला नाही.

३/
आठव्या महिन्याच्या भीतीचे आपल्याकडचे मूळ आयुर्वेदाच्या संहितांत सापडते. चरक आणि सुश्रुत या दोन्ही परंपरांचे म्हणणे असे की, आठव्या महिन्यात ‘ओज’ स्थिर नसते. ते कधी आईकडे असते, कधी गर्भाकडे. त्या काळात मूल जन्मले आणि ओज आईकडेच राहिले, तर मूल ओजहीन होऊन दगावते. सुश्रुतसंहितेत याला निर्ऋतीच्या वाट्याचीही जोड आहे आणि त्यासाठी बली देण्यास सांगितले आहे. एका निरीक्षणाला शरीराचे स्पष्टीकरण द्यायचे आणि ते अपुरे वाटल्यास देवतेचेही द्यायचे, अशी ही दुहेरी मांडणी आहे.

४/
गंमत अशी की, हीच समजूत प्राचीन ग्रीसमध्येही होती. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात आठव्या महिन्याच्या मुलावर स्वतंत्र लेखन आहे. ॲरिस्टॉटलने मात्र एक मार्मिक गोष्ट नोंदवली. इजिप्तमध्ये आठव्या महिन्याची मुले जगतात, असे तो सांगतो. ग्रीसमध्ये असे मूल जगले, तर आईलाच वाटते की आपण महिने मोजण्यात चुकलो, हे मूल आठव्या महिन्याचे नव्हतेच. समजूत स्वतःला खोटे ठरू देत नाही ते असे. जे मूल मेले ते पुरावा ठरते आणि जे जगले ते यादीतून वगळले जाते.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेच लागते, कारण प्रश्न साधनांचा आहे. सोनोग्राफी येण्यापूर्वी गर्भाचे वय ठरवायचे कशावरून? पाळी चुकल्याच्या आठवणीवरून. कोणी चांद्रमास मोजी, कोणी सौर. कोणी लागलेला महिना धरी, कोणी उलटलेला. एका घरातला ‘सातवा’ दुसऱ्या घरातला ‘आठवा’ असू शकत होता. शिवाय लग्नानंतर लवकर झालेल्या गुटगुटीत बाळाला ‘सातव्या महिन्याचे’ म्हणणे ही समाजाची एक सोयही होती. अशी धडधाकट ‘सातमाशी’ बाळे जगत आणि समजुतीला बळ देत.

६/
समजूत चुकीची असेना, तिने बिघडते काय? बिघडते ते असे: जे मूल जगणारच नाही असे आधी ठरले आहे, त्याच्यासाठी कोणी रात्रभर जागत नाही. त्याला थेंबथेंब दूध पाजण्याची धडपड होत नाही, त्याला वैद्याकडे नेले जात नाही. ते दगावते आणि समजूत आणखी घट्ट होते. आपल्या परंपरेत उपयुक्त ज्ञान नव्हते असे नाही. सूतिकागारात सतत अग्नी ठेवावा, हे चरकसंहितेत आहे. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी हा त्याच जाणिवेचा घरगुती अवतार. पण ऊब होती तेथेही आशा असेलच असे नव्हते.

७/
वसाहतकाळात सरकारी नोंदी सुरू झाल्या. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देई. मृत्यूंचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि ‘इतर’. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी वेगळा रकाना नव्हता. ते ‘ताप’ किंवा ‘इतर’ यांत मिसळून जाई, किंवा जन्माची नोंद होण्याआधीच गेले तर कोठेच दिसत नसे. ज्याला रकाना नाही त्याचा इतिहासही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे गडचिरोलीत ती पुन्हा भेटेल.

८/
आता पॅरिस. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून हरलेल्या फ्रान्सला घटत्या लोकसंख्येची चिंता लागली होती आणि प्रत्येक अर्भक हा राष्ट्राचा प्रश्न झाला होता. प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची यंत्रे पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी बनवून घेतली. १८८० च्या सुमारास मातेर्निते रुग्णालयात ती वापरात आली. खाली गरम पाणी, वर बाळे. दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याचे त्यांचे सहकारी ओव्हार यांनी १८८३ मध्ये नोंदवले. आपण आज ‘बाळाला पेटीत ठेवले’ म्हणतो, त्या पेटीची ही सुरुवात.

९/
या पेटीचा पुढचा प्रवास विचित्र आहे. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात खऱ्या बाळांसह पेट्या मांडल्या गेल्या आणि बघ्यांची झुंबड उडाली. मार्टिन कौनी नावाच्या माणसाने हेच अमेरिकेत नेले. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत, झोपाळे आणि खेळांच्या शेजारी, तिकीट लावून अपुऱ्या दिवसांची बाळे दाखवली जात. पालकांकडून पैसे घेतले जात नसत. तिकिटाच्या उत्पन्नावर परिचारिका आणि दूध यांचा खर्च चाले. आज हे अमानुष वाटते. परंतु त्या काळी बहुतेक रुग्णालये या बाळांना घेतच नसत, हेही तितकेच खरे.

१०/
ऊब मिळाली तरी अनेक बाळे पहिल्या दोन दिवसांतच जात. कण्हत, छाती आत ओढत, निळी पडत. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. जगातली सर्वोत्तम वैद्यकीय मदत हाताशी असूनही तो ३९ तासांत गेला. कारण फुप्फुसांत होते. फुप्फुसांतील हवेचे सूक्ष्म फुगे श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून त्यांना आतून एक स्निग्ध अस्तर असते, ते ‘सर्फॅक्टंट’. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते पुरेसे तयार झालेले नसते, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवले होते. बाहेरून सर्फॅक्टंट देण्याचा यशस्वी प्रयोग १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी प्रसिद्ध केला.

११/
फुप्फुस हा एकच दुबळा दुवा नव्हे. अंगावर चरबी नसल्याने बाळ झपाट्याने गार पडते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास जमतो. त्याआधी बाळ भुकेले असूनही दूध ओढू शकत नाही. आईकडून मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भावस्थेच्या शेवटच्या आठवड्यांत अधिक येतात, ती अपुरी राहिल्याने जंतुसंसर्ग लवकर होतो. यकृत कच्चे म्हणून कावीळ अधिक. फार आधी जन्मलेल्यांत मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचा धोका असतो. पुढे काहींना चालणे, पाहणे, ऐकणे, शिकणे यांत अडचणी येतात. तरीही बरीचशी मुले, विशेषतः ३२ आठवड्यांनंतरची, नीट सांभाळ झाल्यास इतर मुलांसारखीच वाढतात.

१२/
उपचारानेच केलेला घातही या इतिहासात आहे. १९४० च्या दशकात पेट्या अधिक बंदिस्त झाल्या आणि त्यांत प्राणवायू मुक्तहस्ते सोडला जाऊ लागला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दृष्टिपटलाचा एक नवा आजार १९४२ मध्ये बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी वर्णन केला. तो श्रीमंत, सुसज्ज रुग्णालयांतच अधिक दिसत होता, आणि हेच कोडे होते. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवले ते प्राणवायूकडे. अमेरिकेतील मोठ्या चाचणीने ते सिद्ध होईपर्यंत जगात सुमारे १० हजार मुले आंधळी झाली होती. त्यानंतर प्राणवायू फारच आखडता घेतला गेला आणि श्वासाअभावी मृत्यू वाढले. ‘थोडे अधिक दिले तर बिघडते काय’ या प्रश्नाचे उत्तर इतके महाग पडले.

१३/
हा धडा आज आपल्या शहरांनाही लागू आहे. लहान लहान बाळे आता वाचू लागली, म्हणून दृष्टिपटलाचा हा आजार भारतात पुन्हा समोर आला आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाची डोळ्यांची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी, असा आपल्याकडचा नियम आहे. डोळे बाहेरून अगदी निकोप दिसतात. तारीख चुकली तर उपचाराची वेळ निघून जाते. घरी सुखरूप आलेल्या बाळाला ‘पुन्हा कशाला दवाखान्यात न्यायचे’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१४/
यंत्राचा अभावही कधी शोधाला जन्म देतो. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोता येथे डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या कमी, बाळे अधिक, आणि एकाच पेटीत अनेक बाळे ठेवल्याने संसर्ग फार, अशी स्थिती होती. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. ऊब आईच्या शरीराची, अन्न आईचे दूध. हीच कांगारू पद्धत. आधी तिला गरिबांचा उपाय समजले गेले. २०२१ मध्ये पाच देशांतील चाचणीत, ज्यात भारतही होता, जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या बाळांत २८ दिवसांतील मृत्यू १५.७ ऐवजी १२ टक्के आढळले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

१५/
महाराष्ट्रातही अशीच वाट शोधली गेली. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या नाजूक बाळांच्या आईला दूध पुरेसे येत नाही किंवा आई जवळ नाही, त्यांना दुसऱ्या मातांनी दिलेले, निर्जंतुक केलेले दूध मिळावे, ही कल्पना. वरच्या दुधाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आतडी सुजतात, जुलाब आणि संसर्ग होतात. आईचे दूध हेच येथे औषध ठरते. महापालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात, धारावीसारख्या वस्तीतून येणाऱ्या बाळांसाठी हे उभे राहिले, हे विशेष.

१६/
आता आपल्याकडे येऊ. नागपूरच्या लकडगंजात आरामशिनींवर चिरले जाणारे सागवान पिढ्यानपिढ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून येत राहिले. शहराला तो मुलूख ठाऊक होता तो लाकडासाठी. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला आणि १९८६ मध्ये डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था उभारली. त्यांनी आधी मुलांच्या न्यूमोनियावर काम केले. गावातल्या माणसांना श्वास मोजायला शिकवले, अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी मण्यांचे साधन तयार केले. न्यूमोनियाचे मृत्यू घटले. तरी पहिल्या महिन्यातले मृत्यू मोठ्या संख्येने शिल्लक होतेच, आणि त्या मृत्यूंना अजूनही नीट रकाना नव्हता.

१७/
म्हणून त्यांनी तो रकाना आखला. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांत गावातल्याच शिकलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन ७६३ नवजात बाळांवर २८ दिवस लक्ष ठेवले. वजन, ताप, श्वास, दूध पिणे, सारे लिहिले. त्यातून उभे राहिलेले चित्र असे: ४२ टक्के बाळे अडीच किलोहून कमी वजनाची. सुमारे दहांत एक अपुऱ्या दिवसांचे. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती, पण वैद्यकीय मदत मिळाली ती २.६ टक्क्यांना. एकूण ४० मृत्यू झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी एक तृतीयांश दगावली. ‘आठव्याचे जगत नाही’ हे वाक्य गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले होते, ते असे.

१८/
खरा शोध पुढे आहे. एकेक मृत्यू उलगडून पाहिल्यावर दिसले की बाळ बहुधा एका कारणाने मरत नाही. ४० पैकी २५ मृत बाळे अपुऱ्या दिवसांची होती. पण फार आधी जन्मलेली सोडली, तर नुसते अपुरे असणे मारायला सहसा पुरेसे नव्हते. अपुरे बाळ गार पडले, त्याला दूध पिता आले नाही, मग जंतुसंसर्ग झाला, अशी कारणांची साखळी लागत होती. पहिली कडी तोडणे गावाच्या हाती नव्हते. पुढच्या कड्या मात्र तोडता येण्याजोग्या होत्या. ज्याला नशीब म्हटले जात होते, त्याचे चार-पाच वेगवेगळ्या कामांत रूपांतर झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच.

१९/
मग कामाला लागल्या त्या गावातल्याच स्त्रिया. शिक्षण पाचवी ते दहावी. नाव ‘आरोग्यदूत’. जवळ वजनकाटा, तापमापक, घड्याळ, न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, बाळाला गुंडाळण्याची उबदार पिशवी, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे औषध. बाळाला पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये, चीक फेकू नये, दूध ओढता येत नसेल तर काढून चमच्याने पाजावे, हे त्या आईला आणि आजीला समजावीत. गावातल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे की नाही, यावर वैद्यकविश्वात मोठा वाद झाला. उत्तर आकड्यांनी दिले.

२०/
३९ गावांत हे काम आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा, अशी तुलना होती. काम सुरू झालेल्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास तिथेच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००३ पर्यंतच्या नोंदींत अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील मृत्यू ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांपर्यंत उतरलेले दिसले. ना पेटी, ना वातानुकूलित कक्ष. कुडाच्या आणि मातीच्या घरांत, जंगलालगतच्या गावांत हे घडले.

२१/
२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारताने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ती देशभर लागू केली. प्रसूती दवाखान्यात झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. दरम्यान दवाखान्यांतील प्रसूती वाढल्या आणि नवजात बाळांचे विशेष कक्ष उघडले. आज लकडगंजातल्या घरात बाळ वेळेआधी आले, तर माणसे जवळच्या डागा रुग्णालयाकडे, मेयोकडे किंवा मेडिकलकडे धावतात, आणि ते योग्यच आहे. पण रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे आठवडे घरचेच असतात. गडचिरोलीचा धडा त्या आठवड्यांसाठी शहरालाही हवा.

२२/
नागपूरचे नाव या इतिहासात आणखी एका, जरा कटू, प्रकरणात येते. न्यूझीलंडचे लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत असताना त्यांना दिसले की स्टिरॉइड मिळालेल्या कोकरांची फुप्फुसे लवकर पक्व होतात. १९७२ मध्ये त्यांनी आणि हाउई यांनी गर्भवतींवरील चाचणी प्रसिद्ध केली. वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला हे औषध दिले की बाळाचा श्वासाचा त्रास कमी होतो. श्रीमंत देशांत हा उपचार रूढ झाला. स्वस्त औषध, साधे इंजेक्शन. मग ते खेड्यापाड्यांत का पोचवू नये, हा प्रश्न स्वाभाविक होता.

२३/
त्याची चाचणी सहा देशांत झाली. भारतातली ठिकाणे होती नागपूर आणि बेळगाव. २०१५ मध्ये छापून आलेला निकाल धक्कादायक होता. लहान बाळांतील मृत्यू घटले नाहीतच, उलट एकूण नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले. आठवड्यांचा अंदाज पोटाच्या उंचीवरूनही घेतला जात होता, त्यामुळे औषध मिळालेल्या बहुतांश बायकांची बाळे लहान नव्हतीच. पुढे पाच देशांतील २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे नक्की करून, बाळाच्या सेवेची सोय असेल तेथेच हे औषध दिले गेले. २०२० च्या त्या निकालात मृत्यू २३.५ ऐवजी १९.६ टक्के होते. औषध तेच. फरक पडला तो आठवडे नीट मोजल्याने आणि सोयीने. ॲरिस्टॉटलच्या ‘मोजण्यात चुकलेल्या’ आईची आठवण येथे यावी.

२४/
वेळेआधी कळा येतातच का? आईचे रक्तदाब, संसर्ग, रक्तक्षय, जुळी बाळे, फार लहान वयातले किंवा लागोपाठचे बाळंतपण, आणि तंबाखू. विदर्भात बायका खर्रा खातात, त्याविषयी घरात बोलायला हवे. अनेकदा मात्र काहीच कारण सापडत नाही. ग्रहण पाहिले, पाय घसरला, पायगुण वाईट, असे दोष आईच्या माथी मारले जातात, त्यांना आधार नाही. प्रतिबंधाचा शोध सुरू आहे. नागपूर ज्यात सहभागी होते अशा आणखी एका चाचणीत, पहिलटकरणींना लवकर सुरू केलेल्या अल्प मात्रेच्या ॲस्पिरिनने मुदतपूर्व प्रसूती १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आल्या. हे अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे औषध आहे.

२५/
मित्रहो, हा इतिहास एकरेषीय प्रगतीचा नाही. कधी कोंबडीची पेटी कामी आली, कधी आईची छाती. कधी प्राणवायूने डोळे नेले, कधी त्याच्या अभावाने जीव. सर्वत्र समान असलेली गोष्ट एवढीच की, बदल घडला तो कोणीतरी मोजू लागल्यावर. मेलेले मूलही मोजले आणि जगलेलेही. म्हणून आपल्या घरात, शेजारात अपुऱ्या दिवसांचे बाळ आले तर महिना सातवा की आठवा हे विचारण्यापेक्षा पुढचे प्रश्न विचारा. बाळ उबेत आहे का? आईचे दूध पोटात जाते आहे का? वजन वाढते आहे का? ३० दिवसांच्या आत डोळे तपासले का? आणि बाळ सुस्त पडले, दूध सोडले, अंग गार किंवा तापलेले लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.